विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनाचं ब्रँडिंग गटानं कसं करतात? 1923 मधलं एक प्रदर्शन काय शिकवतं?

कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन दीड महिन्यावर आलेलं असतं. 'ब्रँडिंग टीम' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार होतो. ग्रुपमध्ये बारा जण. पहिल्याच रात्री नऊ लोगो येऊन पडतात. कुणी बल्ब काढलेला असतो, कुणी वारली, कुणी रंगांचे शिंतोडे. प्रत्येकाला आपलाच लोगो आवडतो. आठवड्याभरानं मतदान होतं, तिघं रुसतात, दोघं ग्रुप सोडतात आणि शेवटी ज्याचा लॅपटॉप चांगला तो एकटाच रात्र रात्र जागून सगळं करतो. उद्घाटनाच्या दिवशी गेटवरचा फ्लेक्स एका रंगात, इन्स्टाग्रामची पोस्ट दुसऱ्या रंगात आणि आमंत्रणपत्रिकेवर तारीख चुकलेली.

उपयोजित कला, आर्किटेक्चर, फॅशन किंवा मास मीडिया शिकलेल्या अनेकांना हे चित्र ओळखीचं वाटेल. यात विद्यार्थ्यांचं कौशल्य कमी पडतं असं नाही. बऱ्याचदा कामाचा क्रम उलटा झालेला असतो. 'लोगो कोणाचा?' हा प्रश्न पहिल्या दिवशी येतो आणि 'आपण सगळे कोणत्या नियमांवर सहमत आहोत?' हा प्रश्न शेवटपर्यंत येतच नाही.

हा क्रम सरळ कसा करायचा, हे समजून घ्यायला शंभर वर्षांपूर्वीचं एक प्रदर्शन उपयोगी पडतं. त्याची प्रसिद्धी शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी मिळून केली होती. त्यात काही गोष्टी उत्तम जमल्या आणि काही चांगल्याच अंगाशी आल्या.

ब्रँडिंग म्हणजे फक्त लोगो नाही

प्रदर्शनाचं ब्रँडिंग म्हणजे पाहणाऱ्याला ठिकठिकाणी भेटणाऱ्या गोष्टी एकाच घरातल्या वाटणं. प्रदर्शनाचं नाव, चिन्ह, अक्षरांचं वळण, रंग, पोस्टर, सोशल मीडियाच्या पोस्ट, आमंत्रण, गेटवरची पाटी, दिशा दाखवणारे बाण, प्रत्येक कामाखालचं नावाचं लेबल, कॅटलॉग, स्वयंसेवकांचे बिल्ले, हे सगळं त्यात येतं.

कंपनीच्या ब्रँडिंगपेक्षा हे काम एका बाबतीत वेगळं आहे. कंपनीला एकच आवाज हवा असतो. विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात मात्र पन्नास-साठ जणांचं वेगवेगळ्या वळणाचं काम असतं. ब्रँडिंग फार मोठ्यानं बोलू लागलं तर ते मुलांच्या कामावर कुरघोडी करतं. फारच दबकं राहिलं तर प्रदर्शन आहे हेच कुणाला कळत नाही.

वायमार, 1923: नेमकं काय झालं होतं?

जर्मनीतल्या वायमार शहरात 1919 मध्ये वास्तुरचनाकार वॉल्टर ग्रोपियस यांनी बाउहाउस ही शाळा सुरू केली. चित्रकला, सुतारकाम, विणकाम, धातुकाम आणि छपाई एकाच छताखाली शिकवणारी ही शाळा सरकारी पैशांवर चालत होती. तीन-चार वर्षांत टीका वाढली. पैसे जातात कुठे, मुलं शिकतात काय, असं विचारलं जाऊ लागलं. थुरिंगियाच्या सरकारला केलेल्या कामाचा हिशेब प्रदर्शनातून हवा होता. इतक्या लवकर प्रदर्शन भरवण्याची ग्रोपियस यांची तयारी नव्हती, पण पर्याय नव्हता.

म्हणजे हे प्रदर्शन हौसेचं नव्हतं. शाळा टिकणार की नाही, याच्याशी त्याचा थेट संबंध होता. त्यात काळही कठीण होता. 1923 मध्ये जर्मनीत महागाईनं कहर केला होता. नोव्हेंबरपर्यंत एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. हर्बर्ट बायर हा बाउहाउसचा विद्यार्थी त्याच वर्षी थुरिंगियाच्या सरकारी बँकेसाठी दहा लाख मार्कच्या नोटेचं डिझाइन करत होता.

अशा वेळी जर्मनीभरातून आणि बाहेरूनही लोक वायमारला यावेत, अशी प्रसिद्धी करायची होती. ती जमवताना तीन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट: चिन्ह आधी ठरलेलं होतं

बाउहाउसचं पहिलं चिन्ह 1919 मध्ये विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतून आलं होतं. कार्ल पेटर र्‍योल या विद्यार्थ्यानं ते काढलं होतं. 1922 मध्ये शिक्षक ओस्कर श्लेमर यांनी नवं चिन्ह केलं. मोजक्या सरळ रेषा आणि आयतांतून बाजूनं दिसणारा माणसाचा चेहरा, भोवती वर्तुळात शाळेचं नाव.

प्रदर्शनाची तयारी जोरात सुरू झाली तेव्हा 'चिन्ह कोणतं?' हा वाद संपलेला होता. योस्ट श्मिट या विद्यार्थ्यानं प्रदर्शनाचं पोस्टर केलं. तिरकं वर्तुळ, लाल-काळे पट्टे, आणि त्यांत श्लेमर यांचा तोच चेहरा. म्हणजे शिक्षकानं केलेलं चिन्ह विद्यार्थ्यानं हाती घेतलं आणि त्यातून वेगळंच काहीतरी उभं केलं.

चेहरा इतका साधा होता की कुणीही तो पुन्हा काढू शकत होतं. गटात वापरायच्या चिन्हाला हा गुण लागतोच. बारीक छटा, सावल्या आणि ग्रेडियंट असलेला लोगो एकाच्या हातात छान दिसतो, दहा जणांच्या हातात गेला की बिघडतो.

दुसरी गोष्ट: वीस पोस्टकार्डं

प्रसिद्धीसाठी वीस पोस्टकार्डांची मालिका छापली गेली. ती शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनी केली. वासिली कांडिन्स्की आणि पाउल क्ले हे नावाजलेले चित्रकार त्यात होते, तशीच ड्योर्टे हेल्म ही विद्यार्थिनी आणि हर्बर्ट बायर, फार्कस मोलनार हे विद्यार्थीही होते. क्ले यांनी दोन कार्डं केली, एक गंभीर बाजूचं आणि एक आनंदी बाजूचं.

या कार्डांत काय समान होतं? आकार, लिथोग्राफ हे छपाईचं तंत्र आणि सांगायची माहिती. बाकी रेषा, रंग, मांडणी ज्याची त्याची. सगळी कार्डं शेजारी ठेवली तर ती एकाच हातची वाटत नाहीत, पण एकाच प्रदर्शनाची आहेत हे कळतं.

ग्रोपियस यांनी या काळात कला आणि तंत्रज्ञान यांच्या एकीची घोषणा पुढे आणली होती. लायोनेल फायनिंगर या ज्येष्ठ शिक्षकांना तंत्रज्ञानावरचा हा जोर पसंत नव्हता. तरीही त्यांनी मालिकेसाठी दोन कार्डं केली, त्यातल्या एकावर कॅथेड्रल होतं. सगळ्यांचं एकमत व्हायची वाट न पाहताही गट एकत्र काम करू शकतो, याचं हे चांगलं उदाहरण. त्यासाठी समान नियम थोडे आणि स्पष्ट असावे लागतात.

कॅटलॉगमध्येही अशीच वाटणी होती. मुखपृष्ठ बायर यांचं, आतली मांडणी लास्लो मोहोली-नॉज या नव्या शिक्षकांची.

तिसरी गोष्ट: जे चुकलं

पोस्टरवर 'जुलै ते सप्टेंबर' छापलं होतं. प्रदर्शन प्रत्यक्षात उघडलं 15 ऑगस्टला आणि 30 सप्टेंबरपर्यंत चाललं. आज इन्स्टाग्रामवरची पोस्ट दोन मिनिटांत बदलता येते. भिंतीवर लागलेलं पोस्टर तेव्हाही बदलता येत नव्हतं आणि आजही येत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडली. प्रदर्शनाच्या माहितीपत्रकासाठी श्लेमर यांनी मजकूर लिहिला. त्यात 'समाजवादाचं कॅथेड्रल' असा शब्दप्रयोग होता. बाकीच्या शिक्षकांनी वाचण्याआधीच पत्रक छापून झालं. लक्षात आल्यावर तो भाग नष्ट करायचं ठरलं, पण काही प्रती तोवर बाहेर गेल्या होत्या. शाळा डाव्या राजकारणाचा अड्डा आहे, असं म्हणणाऱ्यांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं.

चित्रांवर इतके डोळे फिरलेले असताना मजकुरावर कुणाचीच शेवटची नजर पडली नाही. आजच्या ब्रँडिंग टीममध्येही हेच होतं. रंगाच्या छटेवर तीन तास चर्चा होते आणि मजकूर मात्र रात्री दोन वाजता कुणीतरी एकटाच टाईप करतो.

मग आज गटानं काम कसं वाटून घ्यावं?

1. आधी एक वाक्य, मग चित्र. प्रदर्शन कशाबद्दल आहे आणि कुणासाठी आहे, हे एका वाक्यात लिहावं. 'नवनिर्मितीचा उत्सव' असलं वाक्य कोणत्याही कॉलेजला चालेल, म्हणून ते कामाचं नाही. 'चौथ्या वर्षाच्या मुलांनी शहरातल्या पाण्यावर केलेली कामं, शहरातल्या नागरिकांसाठी' हे वाक्य उपयोगी आहे. त्यातून रंग, चिन्ह आणि भाषा सुचते.

2. कामांची वाटणी. सगळ्यांनी लोगो काढायची गरज नसते. मजकूर आणि तपासणी, चिन्ह आणि अक्षरं, पोस्टर, सोशल मीडिया, जागेतल्या पाट्या आणि लेबलं, छपाई आणि हिशेब, अशी सहा कामं असतात. प्रत्येकाला दोन-दोन जण द्यावेत, म्हणजे एक आजारी पडला तरी काम अडत नाही. शेवटचा होकार कोण देणार, ते नाव पहिल्याच बैठकीत ठरवावं.

3. नियमांचं एक पान. चिन्ह कसं वापरायचं, भोवती किती जागा सोडायची, दोन किंवा तीन रंग त्यांच्या आकड्यांसकट, मराठी आणि इंग्रजीसाठी एकेक फाँट, प्रदर्शनाच्या नावाचं शुद्धलेखन, तारीख, वेळ, पत्ता. एवढं एका ए-4 पानात बसतं. मोठ्या कंपन्यांची शंभर पानी नियमावली इथे कुणी उघडणारही नाही.

नियम म्हणजे सगळं एकसारखं करणं, असं मात्र नाही. 2011 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबसाठी ई रून कांग आणि रिचर्ड द या डिझायनरांनी अशी पद्धत केली होती की एकाच सूत्रातून सुमारे 40,000 वेगवेगळी चिन्हं तयार व्हायची आणि लॅबमधल्या प्रत्येकाला स्वतःचं चिन्ह मिळायचं. कॉलेजमध्ये हेच सोप्या रीतीनं करता येतं. चौकट सारखी ठेवायची आणि तिच्या आत प्रत्येक विद्यार्थ्याच्या कामातला एक तुकडा येऊ द्यायचा.

4. निवड आवडीवर नको. 'मला हे आवडलं' यावर मतदान घेतलं की ज्याचे मित्र जास्त त्याचं डिझाइन जिंकतं. 1968 च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी एकोल दे बोझार या कलाशाळेत 'आतलिए पोप्युलेर' नावाची छपाई कार्यशाळा चालवली. तिथली पोस्टरं सभेत मांडली जात. त्यांच्यावर नाव नसे. सभेपुढे दोन प्रश्न असत: यातला विचार बरोबर आहे का, आणि तो पोस्टरमधून नीट पोहोचतो का? प्रदर्शनाच्या टीमनंही हेच करावं. नावं झाकून डिझाइन भिंतीवर लावावीत आणि ठरलेल्या वाक्याशी ताडून पाहावीत. टीका पोस्टरवर होते, माणसावर होत नाही आणि रुसवेफुगवे बरेच टळतात.

मराठीतलं प्रदर्शन असेल तर?

बऱ्याच टीम आधी इंग्रजी नाव सजवतात आणि मराठी नंतर कुठेतरी खाली चिकटवतात. देवनागरीला वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार असतात, त्यामुळे ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. म्हणून दोन्ही लिप्यांची मांडणी पहिल्या दिवसापासून एकत्र करावी.

फाँट निवडताना 'दुसऱ्या', 'कैऱ्या', 'श्री', 'ज्ञ', 'ल', 'श' ही अक्षरं आधी टाईप करून पाहावीत. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीत रूढ असलेल्या वळणाहून वेगळे असतात. तिरो देवनागरी या फाँटची तर मराठीसाठी स्वतंत्र आवृत्ती आहे. मुंबईच्या एक टाईप या गटानं केलेले मुक्ता आणि बालू हे फाँट मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत, त्यामुळे परवान्याची चिंता राहत नाही.

या कामात महाराष्ट्राची स्वतःची परंपराही मोठी आहे. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा देवनागरी फाँट केला. आयआयटी मुंबईतल्या आयडीसी या डिझाइन शाळेत ते शिकवत. बाउहाउसचा धागाही इथपर्यंत येतो. तिथे शिकलेल्या माक्स बिल यांचा जर्मनीतल्या उल्म इथली डिझाइन शाळा उभारण्यात वाटा होता. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले सुधाकर नाडकर्णी पुढे उल्ममध्ये शिकले आणि 1969 मध्ये आयडीसी सुरू करण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला.

छपाईला देताना काय पाहावं?

- फाईलमधली मराठी अक्षरं कर्व्ह करूनच द्यावीत. नाहीतर छपाईवाल्याच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसला की जोडाक्षरं फुटतात.
- पोस्टरला चारही बाजूंनी साधारण 3 मिलिमीटर जादा रंग सोडावा, म्हणजे कापताना पांढरी कड राहत नाही. ए-3 पोस्टरचा कापल्यावरचा आकार 297 × 420 मिलिमीटर असतो.
- स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा किंवा निऑन रंग छापल्यावर मळका दिसतो. सगळ्या प्रती काढण्याआधी एक नमुना प्रत काढून घ्यावी.
- अक्षर आणि पार्श्वभूमी यांत पुरेसा फरक हवा. वेबसाठीच्या सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान 4.5:1 धरतात. पिवळ्यावर पांढरं अक्षर यात बसत नाही.
- कामाखालची लेबलं खरोखरच्या आकारात छापून, भिंतीवर लावून, दोन पावलं मागे जाऊन वाचावीत. आजी-आजोबाही प्रदर्शनाला येतात.
- छापण्याआधी तारीख, वार, वेळ, पत्ता आणि पाहुण्यांचं नाव अशा माणसानं वाचावं, ज्यानं ते डिझाइन केलेलं नाही.

फ्लेक्स लावण्याआधी आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, 1995 लागू आहे. सार्वजनिक जागी परवानगीशिवाय जाहिरात लावणं हा गुन्हा ठरतो. कॉलेजच्या आवाराबाहेर, चौकात किंवा विजेच्या खांबावर पोस्टर लावायचं असेल तर महापालिका किंवा नगरपालिकेची लेखी परवानगी आधी घ्यावी. फ्लेक्सवर वर्ष छापलं नाही तर तोच पुढच्या वर्षीही वापरता येतो. खर्च वाचतो आणि प्लास्टिकचा कचराही.

श्रेय कोणाचं?

गटाच्या कामात सगळ्यात जास्त कडवटपणा इथेच येतो. प्रदर्शन संपतं, चौघं आपापल्या पोर्टफोलिओत तोच लोगो 'माझं काम' म्हणून टाकतात आणि लेबलं चिकटवणाऱ्या दोघींचं नाव कुठेच नसतं.

भारताच्या कॉपीराइट कायद्यात (1957) 'संयुक्त लेखकत्व' ही कल्पना आहे. दोन किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या कामात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नसेल, तर ते काम संयुक्त मानलं जातं. त्याच कायद्याचं कलम 57 निर्मात्याला आपल्या कामावर आपलं नाव सांगण्याचा हक्क देतं. कॉलेजचे स्वतःचे नियम असतील तर तेही सुरुवातीलाच वाचून घ्यावेत.

प्रत्यक्षात कोर्टापर्यंत कुणी जात नाही. पण पहिल्याच आठवड्यात एक शीट उघडून कोणी काय केलं हे रोज लिहीत गेलं, तर शेवटी श्रेयनामावली आपोआप तयार होते. ती कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर आणि प्रदर्शनाच्या भिंतीवरही लावावी. पोर्टफोलिओत 'लोगो: गटाचं काम, माझा वाटा: अक्षररचना' असं लिहिणारा विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीत जास्त विश्वासार्ह वाटतो. 'मोठ्या कामात तुम्ही नेमकं काय केलं?' असं विचारल्यावर त्याच्याकडे उत्तर तयार असतं.

वायमारच्या प्रदर्शनाचं पुढे काय झालं?

प्रदर्शनाला सुमारे 15,000 लोक आले. जर्मनीबाहेरही त्याची चर्चा झाली. गेओर्ग मुखे यांच्या कल्पनेतून उभं राहिलेलं 'हाउस आम हॉर्न' हे नमुना घर लोकांनी आत फिरून पाहिलं. त्यातलं मुलांच्या खोलीचं फर्निचर आल्मा बुशर या विद्यार्थिनीचं होतं.

तरीही शाळा वायमारमध्ये टिकली नाही. फेब्रुवारी 1924 च्या निवडणुकीत थुरिंगियात उजव्या पक्षांचं सरकार आलं. त्यांनी शाळेचं अनुदान निम्म्यावर आणलं आणि 1925 मध्ये बाउहाउसला देसाउ शहरात जावं लागलं. प्रसिद्धी कितीही चांगली असली तरी ती निवडणूक फिरवू शकत नव्हती.

मात्र बायर, श्मिट आणि मार्सेल ब्रॉयर हे 1923 चे विद्यार्थी देसाउमध्ये शिक्षक झाले. बायर यांच्याकडे छपाई आणि जाहिरातीची कार्यशाळा आली, आणि ते गेल्यावर जाहिरातीचा विभाग श्मिट यांनी सांभाळला. एका प्रदर्शनासाठी पोस्टर, पोस्टकार्डं आणि मुखपृष्ठ करताना जे शिकले, तेच पुढच्या मुलांना शिकवायला त्यांना मिळालं. कॉलेजचं प्रदर्शनही तीन-चार दिवसांत संपतं आणि फ्लेक्स उतरवला जातो. नियमांचं ते एक पान, सगळ्या फाईली आणि श्रेयाची यादी एका फोल्डरमध्ये नीट ठेवली, तर पुढच्या वर्षीच्या बारा जणांना पहिल्या रात्री नऊ लोगो काढत बसावं लागणार नाही.